बरं वाटू लागलं तेव्हा

माझे सासरे आजारी पडले तेव्हा घरात कशाचीच कमी नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जो भेटला त्यानं पहिल्यांदा हेच विचारलं. दुकानात खोट आली का? भावाभावांत काही झालं का? लेक सासरी सुखात आहे ना? आम्ही सांगायचो की सगळं ठीक आहे. मग समोरचा माणूस आमच्याकडं असं बघायचा, जणू आम्ही त्याच्यापासून काहीतरी लपवतोय.

लातुरात गंजगोलाईच्या बाजारातून फुटणाऱ्या एका रस्त्यावर आमचं भांड्यांचं दुकान आहे. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामा मिसरूड फुटल्यापासून त्या दुकानात बसत आलेले. डब्यावर, तांब्यावर नाव घालायचं मशीन ते स्वतः चालवत. अक्षर इतकं गोल आणि सरळ, की लग्नसराईत लोक भांडी दुसरीकडून घेत आणि नाव घालायला आमच्याकडं आणत. मामा कुरकुरत नसत. नमुना न बघता, ओळ न आखता, विभूती लावलेलं कपाळ खाली घालून ते तासन्‌तास नावं घालत बसत.

मी नांदेडची. वडील शाळामास्तर, घर नोकरदारांचं. लग्न होऊन या व्यापाऱ्याच्या घरात आले तरी माझी शाळेतली नोकरी सुटली नाही, आणि त्याला कारण मामाच होते. पण मामांशी माझं बोलणं मोजकंच होतं. चहा ठेवू का, जेवायला वाढू का, एवढंच. ते मला बाई म्हणत. त्यांच्यासमोर मी खुर्चीवर बसत नसे. कुणी बसू नको म्हटलं नव्हतं, पण बसत नसे.

ते दसऱ्याच्या आसपास सुरू झालं. ऐन गिऱ्हाइकीच्या दिवसांत मामा दुपारीच घरी येऊ लागले. अंगात काही नाही म्हणायचे. पहाटे फार लवकर उठायचे आणि पलंगाच्या कडेवर नुसते बसून राहायचे. अंघोळ करून लिंगपूजेला बसले की तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग तसंच धरलेलं, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळून आसनावर सांडायचं आणि त्यांना ते कळायचं नाही. आत्या दाराआडून बघायच्या. हाक मारायची का नाही, हे त्यांना ठरवता यायचं नाही. पूजेतल्या माणसाला हाक मारत नाहीत.

तपासण्या झाल्या. रक्त, साखर, हृदय, सगळं चांगलं निघालं. आमच्या लिंगायतांचे गुरू, जंगम महाराज, घरी येऊन गेले. कुणी पोटाचा विकार म्हणालं, कुणी नजर. मामांचे एक व्यापारी मित्र म्हणाले, खामखा विचार करत बसायचं सोडा, दुकानात बसा, माणसांत राहा. मामा मान हलवायचे. त्यांचं वजन उतरत गेलं आणि सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल पडली.

मानसोपचाराचा डॉक्टर हवा, हे मीच नवऱ्याला म्हणाले. लातुरात असे डॉक्टर नाहीत असं नाही, पण दवाखान्याच्या पायरीवर कुणी बघितलं तर अख्ख्या बाजारात होईल, ही भीती होती. म्हणून नांदेड. माझ्या वडिलांनी चौकशी करून एक डॉक्टर शोधले आणि आम्ही मामांना गाडीत घालून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला नेलं. शेजाऱ्यांना सांगितलं, मोतीबिंदू दाखवायचाय.

डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलायचे. नैराश्य आहे म्हणाले, आणि ते गोळ्यांनी उतरतं म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी हात कापायला लागले, तरी मामा एकदा हट्टानं दुकानात जाऊन मशीनवर बसले. कुणाच्या तरी लेकीच्या रुखवतातला डबा होता. अक्षरं वेडीवाकडी आली, शेवटचं तर काठावरून घसरून खाली गेलं. गिऱ्हाईक भलं होतं. मामांनी त्याला दुसरा कोरा डबा दिला, नाव नोकराकडून घालून घ्यायला लावलं आणि घरी आले. त्यानंतर ते दुकानात गेलेच नाहीत.

त्याच दिवसांत एकदा मी आणि आत्या तुरीची डाळ निवडत बसलो होतो. मामा आत झोपले होते. आत्या डाळीकडं बघतच म्हणाल्या, “यांच्या चुलत्याचंबी असंच सुरू झालं हुतं.”

घरात त्या चुलत्यांचा फोटो होता, हार घातलेला. अपघातात गेले असं मला सांगितलेलं होतं.

“अपघात न्हाई त्यो,” आत्या म्हणाल्या. मग सुपातले खडे बाजूला काढत राहिल्या. त्याहून जास्त त्यांनी सांगितलं नाही, आणि मला विचारवलंही नाही. पण त्या दिवसापासून त्या फोटोच्या भिंतीकडं बघणं मी टाळायचे.

पुढं नणंद बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. आणि तिच्या मागोमाग, म्हणजे मला तरी तसं वाटलं, मामा उठले. एके सकाळी दाढी करून बाहेर आले. भाकरी मागून घेतली, वर दुसरी मागितली. आत्यांनी तव्यापाशीच पदरानं डोळे पुसले. नातीचा पायगुण, असं सगळं घर म्हणायला लागलं. नणंदेच्या खोलीत शेगडी, धुरी, ओव्याचा वास, बायकांची ये-जा, आणि पुढच्या ओसरीवर मामा टोपी घालून बसलेले. मला ते दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो, आणि ते घरातले सगळ्यांत हसरे दिवस होते.

त्याच सुमारास नांदेडची पाळी होती. डॉक्टर मामांशी बोलले, मग मला आणि नवऱ्याला थांबवून घेतलं. नवरा खुशीत होता, पेढे घेऊन गेला होता. डॉक्टरांनी पेढा घेतला आणि म्हणाले, “आता जास्त जपा.”

नवऱ्याला कळेना. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पार गळून गेलेल्या माणसाच्या मनात मरणाचा विचार असला तरी पुष्कळदा तेवढा जोर अंगात नसतो. औषधानं कधीकधी आधी अंगात जोर येतो, मन मागून येतं. मधले काही आठवडे धोक्याचे असतात. घरात आधी असं कुणी गेलंय का, विचारलं. नवरा नाही म्हणाला. मी म्हणाले, चुलते. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला ठाऊक नव्हतं की मला ठाऊक आहे.

डॉक्टर म्हणाले, “त्यांना सरळ विचारत जा. विचारल्यानं डोक्यात येत नाही. असेल तर बाहेर येतं.” घरात काय काय हाताशी ठेवायचं नाही, तेही त्यांनी सांगितलं.

परतताना लोह्याला मामा नातीसाठी झबलं घ्यायला उतरले, तेव्हा गाडीत नवरा म्हणाला की डॉक्टरांना घाबरवायची सवयच असते. समोर दुकानात मामा एकेक झबलं हातात घेऊन बघत होते. मी कोण, कशी विचारणार? सुनेनं सासऱ्याला असलं विचारायचं? मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही विचारा. तो म्हणाला, बघू.

मग मामांनी आत्यांना शिकवायला सुरुवात केली.

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. आलं की हौदात घ्यायचं, मग मोटार लावून वर टाकीत चढवायचं. हे काम कायम मामांचं. आत्यांनी कधी त्या बटणाला हात लावला नव्हता, झटका बसेल म्हणून घाबरायच्या. आता मामा त्यांना हाताला धरून नेऊ लागले. आधी हा व्हॉल्व्ह, मग बटण, टाकी भरली की आवाज असा बदलतो, ऐक. मग मोबाईलवरून गॅस कसा सांगायचा. लाईटबिल कसं भरायचं. दुकानाचं शटर अडकलं तर कुठून उचलायचं. आत्या पदर तोंडाला लावून हसायच्या. म्हातारपणी शाळेत घातलंय मला, असं शेजारणींना सांगायच्या. चुकल्या की मामा न चिडता पुन्हा सांगायचे. जन्मात त्यांनी बायकोला एवढं काही सांगितलं नव्हतं.

एक दिवस ते एसटीनं रेणापूरला गेले. तिथं त्यांचे एक जुने दोस्त राहतात, दुकानाच्या जागेवरून बिनसलं होतं आणि कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. संध्याकाळी त्या दोस्ताचा नवऱ्याला फोन आला. म्हणाले, तुझा बाप देवमाणूस आहे, चूक माझी आणि माफी तो मागून गेला. नवऱ्यानं जेवताना ते सगळ्यांना सांगितलं. मामा मान खाली घालून भात कालवत होते.

मला जेवण गेलं नाही. काय खटकतंय ते मला शब्दांत सांगता येत नव्हतं. सगळं चांगलंच तर चाललं होतं. फक्त एक गोष्ट होती. मामा बाळाला उचलून घेत नसत. नणंद त्यांच्या मांडीवर ठेवायला जायची तर हात कापतात म्हणायचे. पण आता कापत नव्हते. व्हॉल्व्ह फिरवताना मी बघितलं होतं. ते दारात उभे राहून पाळण्याकडं बघायचे आणि नणंदेनं वर बघितलं की तिथून निघायचे.

बारसं चार दिवसांवर आलं. नणंदेच्या सासरचे येणार होते, आमच्याच जिल्ह्यातल्या मुरूडहूनही नातेवाईक येणार होते. घुगऱ्यांचे हरभरे आणून ठेवलेले. त्या दुपारी आत्या शेजारी पाळण्याची साडी बघायला गेल्या होत्या, नणंद बाळाला घेऊन झोपली होती, नवरा दुकानात. मामा हौदापाशी व्हॉल्व्हला तेल देत होते. तो कडक होता, आत्यांच्या हातानं फिरत नव्हता. त्यांनी तो दोन-तीनदा फिरवून बघितला, आणि आता फिरंल तिला, असं स्वतःशीच म्हणाले.

तेवढ्यानं मला कळलं. मी जाऊन हौदाच्या कट्ट्यावर बसले. त्यांच्यासमोर, त्यांच्या बरोबरीनं. त्यांनी चमकून बघितलं.

“मामा,” मी म्हणाले, “तुमच्या मनात जीव द्यायचं येतंय का?”

तोंडातून निघाल्यावर वाटलं, आता हे मला घराबाहेर काढतील. रस्त्यावरून टँकर गेला, त्याची खडखड कोपऱ्यापर्यंत ऐकू आली. मामांनी हाताचं तेल फडक्याला पुसलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय ते एकदम म्हातारे दिसले.

“बारसं होऊ दे म्हटलं,” ते म्हणाले.

मग ते बोलत राहिले, माझ्याकडं न बघता, अगदी व्यवहाराचं बोलावं तसं. दिवस ठरवलेला होता. ठरवल्यापासून हलकं वाटतंय, जेवण जातंय, झोप लागतीय. घरावर आपला भार झालाय, तो उतरंल. चुलत्यांना लहानपणी त्यांनी असंच हसताना बघितलं होतं, शेवटच्या दिवसांत, आणि तेव्हा त्यांना ते कळलं नव्हतं, आता कळतंय. पोरीला उचलत नाही कारण उचललं तर जमायचं नाही. हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला.

मी म्हणाले की आपण आजच नांदेडला जाऊ. ते म्हणाले, बारशाचं काय? बारसं मागं-पुढं करता येतं, मी म्हणाले. त्यांनी विचारलं, कुणाकुणाला सांगणार? सगळ्यांना, मी म्हणाले. त्याचा त्यांना राग आला. घराची इज्जत, पोरीचं सासर, असं काहीबाही बोलले. मी उठले नाही. नवऱ्याला फोन लावला तोही तिथंच बसून, त्यांच्या देखत.

नवरा आला तो माझ्यावरच तापला. चांगल्या माणसाच्या डोक्यात तू काय घातलंस, म्हणाला. मामा कट्ट्यावरून म्हणाले, “तिनं न्हाई घातलं. आधीचंच हाय.” नवरा तिथंच खाली बसला. आपला बाप असं काही बोलेल, ही कल्पनाच त्याला नव्हती, आणि आता ऐकल्यावर त्याला चपला घालायचंही सुचेना.

आत्यांना आम्ही काय सांगणार होतो, देव जाणे. त्यांनी तिघांची तोंडं बघितली आणि सरळ आत जाऊन पिशवी भरायला घेतली. धोतर, सदरा, गोळ्या, विभूतीची डबी. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, “मला मोटार शिकवत हुते तवाच पोटात गोळा आला हुता. पर हसत हुते गं. हसणाऱ्या माणसाला काय इचारावं?”

शेजारणीला नणंदेजवळ बसवून आम्ही निघालो. मागच्या सीटवर मामा मधे, एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला मी. अहमदपूरला चहाला थांबलो. मामांना लघवीला जायचं होतं. नवरा उठून त्यांच्या मागं निघाला आणि मामा थबकले. भर हॉटेलात, पोराच्या वयाच्या वेटरांसमोर, त्यांना कळलं की आता आपल्याला एकटं सोडणार नाहीत. अख्ख्या आजारात त्यांचा चेहरा मी एवढा अपमानित बघितला नव्हता.

“भाईर थांब,” ते मुलाला म्हणाले. “दार लावत न्हाई मी.”

नवरा तोंड फिरवून थांबला. तो रडत होता, आणि आत्या चहाकडं बघत होत्या.

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी दाखल करून घेतलं. गोळ्या बदलल्या. आत्या तिथं राहिल्या. रात्रीचा डबा नांदेडातल्याच वजिराबादहून माझे वडील पोचवायचे. बारसं ठरल्या दिवशीच झालं, नणंदेनंच तसं म्हटलं, पण आजोबांशिवाय. त्यासाठी मामांजवळ माझ्या वडिलांना बसवून आत्या एका दिवसापुरत्या लातूरला आल्या. बायकांत कुजबुज होती. मोतीबिंदूचं इतकं काय लांबलं? बारशाच्या दिवशी कुणी दवाखान्यात जातं का? पाळण्याची दोरी सोडून आत्या सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “डोळ्याचं न्हाई. मनाची बिमारी हाय. जिवावर आली हुती. सुनेनं इचारलं म्हणून कळलं.”

एका मुलीनं घुगऱ्यांचं ताट खाली ठेवलं, तेवढाच आवाज. नणंदेच्या सासूबाईंचा चेहरा उतरला, आणि पुढं काही महिने त्यांनी आमच्याकडं येणं टाळलं, हेही खरं. पण पंगत उठल्यावर मुरूडच्या एक बाई स्वयंपाकघरात माझ्यामागं आल्या. दार ओढून घेतलं. त्यांचा मुलगा अंथरुणातून उठत नव्हता. त्यांना डॉक्टरचा पत्ता पाहिजे होता, आणि आणखी एक विचारायचं होतं. तुम्ही विचारलं म्हणजे काय शब्दांत विचारलं? मी सांगितलं. त्यांनी ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघितलं.

मामा घरी आले. बरे होऊन आले असं म्हणत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा खचले, पुन्हा दाखल केलं, पुन्हा आले. आता सकाळी दुकानात बसतात. नात येते तेव्हा तिला मांडीवर घेतात; पहिल्यांदा घेतली तेव्हा आत्या देवघरात जाऊन बसल्या. मी त्यांना विचारत असते. चहा देताना, जाता-येता. कधी वैतागतात. कधी म्हणतात, “न्हाई बाई, आज न्हाई.” त्यातल्या ‘आज’वर माझं मन अडखळतं, पण ते खरं बोलतायत एवढं मला कळतं. ते फार हसले, कुणाला भेटायला निघाले, की आम्ही सगळे एकमेकांकडं बघतो. आमच्या घरात आनंद असा येतो. आधी त्याची चौकशी होते.

या श्रावणात नवरा पहाटे लवकर उठायला लागला. आधी मला वाटलं दुकानाच्या कामामुळं. मग एकदा जाग आली तर तो पलंगाच्या कडेवर बसलेला, पाठ माझ्याकडं. तो काय करतो ते मी बघत राहिले. तो काहीच करत नव्हता. जेवण कमी झालं. दुकानातून फोन यायचे, तो उचलायचा नाही. कुणी विचारलं तर सगळं ठीक आहे म्हणायचा, आणि ठीकच होतं सगळं.

परवा सकाळी पोहे करता करता मी त्याला तेच विचारलं, त्याच शब्दांत. घासणीनं घासावी तशी तो बोटानं ताटलीची कड घासत राहिला. बाहेर ओसरीवर मामा पेपर वाचत होते. त्यांच्या पेपराची सळसळ थांबली, म्हणजे तेही ऐकत होते.

“अजून न्हाई,” नवरा म्हणाला.

मी गॅस बंद केला. सोमवारी आम्ही नांदेडला जातोय. मामा म्हणाले, मीपण येतो. शेजारणीनं कुठं निघालात विचारलं, तर आत्यांनी तिला कुठल्या डॉक्टरकडं आणि कशासाठी ते नीट सांगितलं.